पुण्याहून मुंबईस : वेळेचा हिशेब

पुण्याहून मुंबईस जाणें ही कांहीं काशीयात्रा नव्हे. अंतर अवघें १९२ किलोमीटर, प्रवास तीन-साडेतीन तासांचा. आणि ज्यांतील कोणी ना कोणी वर्षांतून दोन-चार वेळां तरी मुंबईची वारी करीत नाहीं असें सुशिक्षित घर पुण्यांत क्वचितच सांपडेल. त्यामुळें या प्रवासाची आंखणी करावी लागते असें म्हटलें कीं पुणेकर हंसतो. स्टेशनवर जावें, मिळेल ती गाडी पकडावी, बसावयास नाहीं मिळालें तर लोणावळ्यापर्यंत उभें राहावें, असा आपला बेफिकीर खाक्या असतो. सहज फिरावयास जाणाऱ्याला हा खाक्या शोभूनही दिसतो. परंतु पुणेकर मुंबईस जातो तो बहुतेक वेळां फिरावयास नव्हे. कोणाचा उच्च न्यायालयांत दावा चाललेला असतो. कोणाला घरांतील आजारी माणसास परळच्या टाटा रुग्णालयांत दाखवावयाचें असतें. कोणाच्या मुलीला परदेशीं शिकावयास जावयाचें असतें, आणि त्यासाठीं वकिलातींत मुलाखत द्यावयाची असते. कोणाच्या निवृत्तिवेतनाचे कागद मंत्रालयांत अडकून पडलेले असतात. या प्रत्येक कामाला एक नेमलेली घटका असते, आणि ती टळली म्हणजे पुढची तारीख केव्हां मिळेल याचा नेम नसतो. असें काम घेऊन निघालेल्या माणसासाठीं आजचें हें भाषण आहे. वर्षाविहाराला निघालेल्या मंडळींनीं तें ऐकलें नाहीं तरी त्यांचें कांहीं बिघडणार नाहीं.

पुणें हें विद्येचें माहेरघर आणि मुंबई ही राजधानी, ही वांटणी फार जुनी आहे. १८२१ सालीं पुण्यास संस्कृत पाठशाळा निघाली. पुढें तिच्यांतूनच डेक्कन कॉलेज उभें राहिलें. १८८५ सालीं फर्गसन कॉलेज निघालें. परंतु पदवी देण्याचा अधिकार १८५७ पासून होता तो मुंबई विद्यापीठाला. पुण्याला स्वतःचें विद्यापीठ मिळालें तें १९४९ सालीं. म्हणजे नव्वदांहून अधिक वर्षें विद्या पुण्यांत शिकावी आणि तिच्यावर शिक्का मात्र मुंबईचा घ्यावा, असा प्रकार होता. आज शिक्का पुण्यांतच मिळतो. पण न्याय, सरकार आणि परदेशची परवानगी यांसाठीं वाट अद्याप बोरीबंदराचीच आहे. ऑगस्ट २०२५ मध्यें उच्च न्यायालयाचें एक फिरतें खंडपीठ कोल्हापुरास बसूं लागलें, तेव्हां पुण्यांतल्या पुष्कळांना वाटलें कीं आपली मुंबईची खेप टळली. परंतु त्या खंडपीठाकडे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे दिलेले आहेत. पुणें जिल्हा मुंबईकडेच आहे.

आतां हिशेबाकडे वळूं. शाळेंत आम्ही मुलांना गाड्यांचीं गणितें घालीत असूं. एक गाडी पुण्याहून सुटली, दुसरी मुंबईहून सुटली. हिचा वेग अमुक, तिचा तमुक. तर त्या कोठें भेटतील? त्या गणितांतल्या गाड्यांना घाट लागत नसे, पाऊस अडवीत नसे, आणि आंत बसलेल्या माणसाला कोठें जावयाचें आहे याची चौकशी तर कोणीच करीत नसे. प्रत्यक्ष प्रवासाचें गणित उलट्या बाजूनें मांडावें लागतें. गाडी किती वाजतां सुटते हा पहिला प्रश्न नव्हे. ज्या दारांत उभें राहावयाचें त्या दारांत किती वाजतां असलें पाहिजे, हा पहिला प्रश्न. तेथून मागें मागें येत घराच्या उंबऱ्यापर्यंत पोंचावें.

उच्च न्यायालयाचेंच उदाहरण घ्या. न्यायालय सकाळीं साडेदहाच्या सुमारास बसतें. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून तेथवर पायीं चालत गेल्यास वीस मिनिटें लागतात. आंत शिरतांना तपासणी, मग दालन शोधणें, मग वकिलांशीं दोन शब्द. याला अर्धा तास धरला पाहिजे. म्हणजे साडेनऊच्या सुमारास आपण फलाटावर उतरलेले हवे. पुण्याहून सकाळीं सव्वासातला निघणारी डेक्कन क्वीन साडेदहाच्या किंचित् आधीं मुंबईस पोंचते. ती या कामाला निरुपयोगी. सहानंतर लगेच सुटणारी सिंहगड एक्सप्रेस दहाच्या आगेमागें पोंचते, तीहि काठावरची. मग करावें काय? आदल्या संध्याकाळीं न्यायालयाची कामांची यादी प्रसिद्ध होते, ती पाहावी. आपला क्रमांक यादींत बराच खालीं असेल तर सिंहगडनें जाण्यास हरकत नाहीं. तो पहिल्या दहांत असेल तर आदल्या दिवशींच मुंबईस जाऊन राहावें, यांत काटकसर पाहूं नये. पुण्याहून दुपारीं सव्वातीनच्या सुमारास डेक्कन एक्सप्रेस आणि संध्याकाळीं सहाच्या सुमारास इंटरसिटी एक्सप्रेस सुटते. परंतु यादी हातीं येईपर्यंत बहुधा या गाड्या निघून गेलेल्या असतात. म्हणून आपलें काम बहुतेक वर असेल असें वकिलांनीं आधीं सांगितलें असेल तर यादीची वाट न पाहतांच निघावें. सोलापूर-कोल्हापूरकडून येणाऱ्या रात्रीच्या गाड्या पुण्यावरून मध्यरात्रीनंतर जातात व पहांटे-सकाळीं मुंबईस पोंचतात, त्यांचाहि उपाय आहे. मात्र रात्रीं दोन-तीन वाजतां पुणें स्टेशनवर ताटकळलेला माणूस दुसऱ्या दिवशीं न्यायाधीशांपुढें फारसा सावध उभा राहूं शकत नाहीं, असें माझें मत आहे.

मंत्रालयाचा हिशेब याच्या अगदीं उलट. तेथें सर्वसाधारण अभ्यागतांस दुपारीं आंत सोडण्याची रीत आहे. म्हणजे पहांटे पांचला उठून धांवपळ करणारा माणूस तेथें जाऊन दारापाशीं खोळंबतो. त्यानें डेक्कन क्वीन किंवा तिच्यामागून आठाच्या आंत सुटणारी प्रगति एक्सप्रेस घेतली तरी भरपूर. गाडीपेक्षां त्यानें पंचांग पाहावें. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारचीं कार्यालयें आठवड्यांतून पांचच दिवस उघडीं असतात, त्यामुळें शनिवारची खेप फुकट. दुसरें, विधिमंडळाचें हिवाळी अधिवेशन नागपुरास भरतें, बहुधा डिसेंबरांत. त्या दिवसांत मंत्री आणि त्यांच्याबरोबर पुष्कळसे अधिकारी नागपुरांत असतात. राजधानी जणूं बाडबिस्तरा घेऊन विदर्भांत गेलेली असते. त्या पंधरवड्यांत मुंबईस जाऊन बंद दारें पाहून परत आलेलीं माणसें माझ्या ओळखीचीं आहेत.

रुग्णाचा हिशेब निराळाच. बाह्यरुग्ण विभागांतील काम सकाळीं लवकर सुरू होतें, आणि आजारी माणसाला पहांटे उठवून, उपाशीपोटीं चार तास बसवून, वर रांगेंत उभें करणें हें क्रूरपणाचें आहे. त्यास आदल्या दिवशीं दुपारच्या गाडीनें न्यावें. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठीं प्रवास करतांना रेल्वे भाड्यांत सवलत देते, आणि ती सोबत जाणाऱ्या एका माणसालाहि मिळते. त्यासाठीं रुग्णालयाचा ठराविक नमुन्यांतला दाखला लागतो. पहिल्या खेपेस तो नसतो, तेव्हां पहिल्याच खेपेस मागून घ्यावा. ही गोष्ट अनेक कुटुंबांना सहा-सहा महिने ठाऊक नसते. ज्येष्ठ नागरिकांना वयामुळें मिळणारी सवलत मात्र मार्च २०२० मध्यें बंद झाली. तिच्या भरंवशावर खर्चाचा अंदाज करूं नये.

गाडीची निवड करतांना एक साधा भेद लक्षांत ठेवावा. कांहीं गाड्या पुण्यांतून सुटतात, कांहीं पुण्यावरून जातात. डेक्कन क्वीन, सिंहगड, प्रगति या पुण्यांत रात्रभर उभ्या असतात आणि सकाळीं सुटतात. त्यांना उशीर होण्यास निमित्त कमी. हैद्राबाद, चेन्नई, बंगळूर या बाजूंनीं येणारी गाडी शेंकडों किलोमीटर धांवून पुण्यास येते, आणि वाटेंतला सगळा उशीर गोळा करून आणते. वेळापत्रकांत दोघींचीही वेळ सारख्याच अक्षरांत छापलेली असते, पण दोन्ही वेळांची किंमत सारखी नसते. नेमलेल्या घटकेचें काम असेल तर पुण्यांतून सुटणारीच गाडी घ्यावी. याखेरीज लांब पल्ल्याची गाडी मुंबईंत कोठें थांबते हेंही वाचावें. कित्येक गाड्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला न जातां कुर्ल्याजवळच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला संपतात, आणि तेथून कोटांत यावयास आणखी पाऊण तास मोडतो. पुण्याच्या बाजूलाही हल्लीं कांहीं गाड्या हडपसरहून सुटतात. तिकिटावर स्टेशनाचें नांव छापलेलें असतें. तें वाचावें, एवढेंच.

आतां घाटाविषयीं थोडें विस्तारानें सांगतों, कारण या प्रवासांतला उशीर, धोका आणि शोभा हीं तिन्ही घाटांतच आहेत. लोणावळें आणि कर्जत यांमध्यें रुळांवरून २८ किलोमीटर अंतर आहे, आणि तेवढ्या अंतरांत गाडी साधारण पांच-पावणेसहाशें मीटर खालीं उतरते. सर्वांत तीव्र चढ ३७ स एक असा आहे, म्हणजे ३७ मीटर पुढें जावें तों एक मीटर वर चढावें. रस्त्यावरच्या मोटारीला हा चढ कांहींच नाहीं. परंतु लोखंडी रुळावर लोखंडी चाक, यांत पकड फार थोडी असते; आणि ज्या गुळगुळीतपणामुळें सपाटीवर गाडी हलकी धांवते तोच गुळगुळीतपणा चढावर तिचा वैरी होतो. म्हणून मुंबईहून येणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनें जोडतात. तीं गाडी लोणावळ्यापर्यंत ढकलीत आणतात. कर्जतच्या फलाटावर गाडी कां थांबली असें विचारणाऱ्यास लोक वड्याकडे बोट दाखवितात, पण खरें कारण मागच्या टोकाला असतें. १० फेब्रुवारी २०२३ पासून सुरू झालेली मुंबई-सोलापूर वंदे भारत ही मात्र मागच्या इंजिनावांचून घाट चढते, कारण तिची ओढ एकाच इंजिनावर नसून गाडीखालच्या अनेक चाकांवर वांटलेली असते.

उतरतांना प्रश्न उलट होतो : ओढावयाचें नसतें, आवरावयाचें असतें. उताराच्या मार्गावर ठराविक ठिकाणीं मुख्य रुळांपासून एक फांटा बाजूला, चढावर काढलेला असतो. एरव्हीं सांधा त्या फांट्याकडेच वळवून ठेवलेला असतो. उतरणारी गाडी सिग्नलपाशीं येऊन पूर्ण थांबली, म्हणजे तिचे ब्रेक ठीक आहेत असें सिद्ध झालें. मगच सांधा मुख्य मार्गाला लागतो. ब्रेक निकामी होऊन एखादी गाडी अनावर झालीच तर ती त्या चढाच्या फांट्यावर चढून दमते, खालच्या गाडीवर जाऊन आदळत नाहीं. मंकी हिलच्या आसपास गाडी उगीचच थांबली असें समजून जे उतारू रेल्वेला दूषणें देतात त्यांनीं हें ध्यानांत घ्यावें. ते थांबे वेळापत्रकांत धरलेलेच असतात. जातां जातां आणखी एक गंमत : रेल्वेच्या भाषेंत मुंबईकडे जाणारी गाडी 'अप' आणि तिकडून येणारी 'डाउन'. त्यामुळें जी गाडी घाट उतरते ती अप, आणि जी चढते ती डाउन.

हा घाटमार्ग २१ एप्रिल १८६३ रोजीं खुला झाला. त्यापूर्वीं रेल्वे मुंबईहून खोपोलीपर्यंत आणि पुण्याहून खंडाळ्यापर्यंत आलेली होती. मधला डोंगर उतारूंनीं पालखींतून किंवा पायीं ओलांडावयाचा. पंचवीस बोगदे खोदावे लागले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ सालीं येथें आला आणि थोड्याच आठवड्यांत वारला. तेव्हां त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिनें कंत्राट अंगावर घेऊन आपल्या व्यवस्थापकांकरवीं तें तडीस नेलें. कामाच्या ऐन भरांत चाळीस हजारांवर मजूर डोंगरावर राबत होते, आणि पटकीच्या सांथींनीं त्यांपैकीं पुष्कळांचा बळी घेतला. आरंभीं मार्ग असा होता कीं मध्येंच एका ठिकाणीं गाडीची दिशा उलट करावी लागे. १९२९ सालीं मार्ग नव्यानें वळवून ती अडचण काढून टाकली. त्याच वर्षीं कल्याण ते पुणें विजेचीं इंजिनें धांवूं लागलीं, आणि म्हणूनच १ जून १९३० पासून डेक्कन क्वीन सुरू करतां आली. घाटांत आज तीन मार्ग आहेत.

तीन मार्ग असले तरी डोंगर एकच आहे. पावसाळ्यांत दरड कोसळली कीं हिशेब बिघडतो. २०१९ च्या पावसाळ्यांत मंकी हिलच्या परिसरांत मार्गाची इतकी खराबी झाली कीं कित्येक आठवडे पुष्कळ गाड्या रद्द कराव्या लागल्या. जुलै-ऑगस्टांत नेमलेल्या तारखेचें काम असेल तर आदल्या दिवशीं जाणें हाच शहाणपणा. आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे दुसरी वाट मनांत ठरवून ठेवणें. २००२ सालीं पुरा झालेला द्रुतगती महामार्ग आहेच. पण तोहि त्याच डोंगरांतून जातो, आणि सुटीच्या दिवशीं तेथें मोटारींच्या अशा रांगा लागतात कीं तीन तासांचे सहा होतात. रेल्वेचा उशीर झाला तर तो बहुधा मिनिटांचा असतो. रस्त्याच्या उशीराला माप नाहीं. म्हणून साधारण दिवशीं मी रेल्वेच्याच बाजूचा आहें. पण घाटांत दरड आल्याची बातमी सकाळीं कानांवर आली तर फलाटावर 'लवकरच सुटेल' ही घोषणा ऐकत बसूं नये.

शोभेचें एका वाक्यांत सांगतों : पुण्याहून जातांना उजव्या हाताची खिडकी मिळाली तर उल्हास नदीचें खोरें आणि पलीकडे राजमाचीचे जोड बालेकिल्ले दिसतात, मुंबईहून येतांना तीच बाजू डाव्या हाताला येते.

तिकिटाचें प्रकरण रुक्ष आहे, पण बहुतेक फजिती तेथेंच होते. आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधीं सुरू होतें. १ नोव्हेंबर २०२४ पूर्वीं ही मुदत एकशेंवीस दिवसांची होती, आणि पुष्कळांच्या डोक्यांत अद्याप तीच आहे. तारीख कळली कीं त्याच बैठकींत जाण्याचें आणि येण्याचें अशीं दोन्ही तिकिटें काढावीं. लोक जाण्याचें काढतात आणि येण्याचें 'पाहूं' म्हणून सोडतात. वस्तुतः येतांनाच आपण थकलेले असतों आणि जागेची गरज तेव्हांच अधिक असते. तारीख ऐनवेळीं कळली तर तत्काळ तिकीट आदल्या दिवशीं मिळतें : वातानुकूलित वर्गाचें सकाळीं दहापासून, इतर वर्गाचें अकरापासून.

प्रतीक्षायादींतल्या तिकिटाविषयीं विशेष सावध राहावें. या गाड्यांत बहुतेक डबे खुर्च्यांचे असतात, आणि खुर्चीच्या डब्यांत अर्धी जागा देण्याची सोय नसते. जागा मिळते किंवा मिळत नाहीं. घरीं बसून संगणकावर किंवा फोनवर काढलेलें तिकीट शेवटची यादी लागेपर्यंत प्रतीक्षेंतच राहिलें, तर तें आपोआप रद्द होतें आणि पैसे परत येतात. तें दाखवून गाडींत बसणारा मनुष्य बिनतिकिटाचा ठरतो. चौघांच्या एका तिकिटावर तिघांना जागा मिळाली आणि एकाला नाहीं, असेंही घडतें. अशा वेळीं तो एक कोण हें गाडींत बसल्यावर नव्हे, घरीं ठरवावें. ज्याचें काम आहे त्याच्या नांवाचें तिकीट पक्कें हवें. सोबत्याची सोय मागाहून. माझ्या पाहण्यांतल्या एका घरीं मुलाखत देणारी मुलगी प्रतीक्षेंत आणि तिचे आईवडील पक्क्या जागेवर, असा प्रकार होऊन ऐन सकाळीं मोटारीसाठीं धांवाधांव झाली. दुसरी गोष्ट, डेक्कन क्वीनसारख्या गाडींत पासवाल्यांसाठीं वेगळे डबे असतात. रोज जाणाऱ्या या मंडळींच्या जागा वर्षानुवर्षांच्या वहिवाटीनें ठरलेल्या असतात. नवख्या माणसानें त्या डब्यांत चढून घटनेनें दिलेल्या समतेवर व्याख्यान देऊं नये.

गर्दीचे दिवस ठरलेले आहेत. सोमवारीं सकाळीं पुण्याहून आणि शुक्रवारीं संध्याकाळीं मुंबईहून येणाऱ्या गाड्या तुडुंब भरतात. सलग सुट्या आल्या कीं त्यांच्या दोन्ही टोकांना तीच अवस्था. आपल्याला वार निवडण्याची मुभा असेल, तर मंगळवार ते गुरुवार यांतला निवडावा.

मुंबईंत उतरावें कोठें हा प्रश्न लोक गाडींत बसल्यावर सोडवितात, आणि कल्याण गेलें कीं शेजाऱ्याला विचारूं लागतात. उत्तर कामावर अवलंबून आहे. परळच्या रुग्णालयास जावयाचें असेल तर दादर. तेथून टॅक्सीनें थोडेंच अंतर. नव्या मुंबईंत काम असेल आणि आपली गाडी ठाण्यास थांबत असेल, तर ठाण्यास उतरून तिकडच्या लोकलनें जावें. मात्र ठाण्याला प्रत्येक गाडी थांबते असें धरून चालूं नये. न्यायालय, मंत्रालय, विद्यापीठाची जुनी इमारत यांसाठीं शेवटचें स्टेशन. अमेरिकेची वकिलात वांद्रे-कुर्ला संकुलांत आहे. तेथें जाण्यासाठीं पूर्वीं दादरला उतरून, पूल ओलांडून, पश्चिम रेल्वेनें वांद्र्यास जाऊन पुन्हां रिक्षा करावी लागे. ऑक्टोबर २०२५ मध्यें आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पुरी खुली झाली, तेव्हांपासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून त्याच मेट्रोनें थेट संकुलाच्या स्टेशनास जातां येतें. अंतर उलटें पडतें, पण गाडी बदलण्याची दगदग वांचते. मंत्रालयास जाणाऱ्यालाही त्याच मेट्रोचें विधान भवन स्टेशन जवळ पडतें.

वृद्ध किंवा आजारी माणूस बरोबर असेल तर मी एक गोष्ट आवर्जून सांगेन. दादरला गाडी दोन-तीन मिनिटें थांबते, आणि तेवढ्यांत अर्धी गाडी उतरूं पाहते. सामान, काठी आणि माणूस हीं तिन्ही त्या रेट्यांत उतरविणें अवघड. शेवटच्या स्टेशनवर गाडी संपतेच. सर्वांना उतरूं द्यावें आणि मग सावकाश आपलें माणूस उतरवावें. तेथून परळला टॅक्सीनें मागें यावयास अर्धा तास अधिक लागला तरी चालेल. धडधाकट माणसाला जो मार्ग जवळचा तोच अशक्त माणसालाहि जवळचा असतो असें नाहीं. रविवारीं मुंबईच्या लोकलमार्गांवर दुरुस्तीसाठीं मेगाब्लॉक घेतात. त्या दिवशीं लोकलवर अवलंबून असलेला बेत आदल्या संध्याकाळच्या बातमीशीं ताडून पाहावा.

पुण्याच्या बाजूचा हिशेब अलीकडे सोपा झाला आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून मेट्रो पुणें स्टेशनापर्यंत येते, आणि २९ सप्टेंबर २०२४ पासून स्वारगेटहि जोडलें गेलें आहे. परंतु सहाच्या गाडीला मेट्रोचा उपयोग नाहीं. तिच्यासाठीं रिक्षा आदल्या रात्रीं सांगून ठेवावी. पिंपरी-चिंचवडकडील मंडळींनीं उलट पुणें स्टेशनवर येण्याचे श्रम घेऊं नयेत. सिंहगड एक्सप्रेस त्यांच्या दारांतून जाते. शिवाजीनगरास कोणती गाडी थांबते आणि कोणती नाहीं हें दर वेळीं पाहावें, कारण जातांना न थांबणारी गाडी येतांना थांबते असा प्रकार तेथें आढळतो.

परतीचें ठरवितांना दोन वेळा डोळ्यांपुढें ठेवाव्या. संध्याकाळीं साडेचारच्या सुमारास प्रगति आणि पांच वाजून दहा मिनिटांनीं डेक्कन क्वीन मुंबईहून सुटते. तिच्या आधीं चार वाजल्यानंतर वंदे भारत आहे. न्यायालयाचें काम साडेचारपर्यंत चालूं शकतें. तेव्हां वकील 'आज नक्की होईल' म्हणाले असले तरी प्रगतिचें तिकीट काढूं नये, डेक्कन क्वीनचें काढावें. तीहि चुकली तर सोलापूर, कोल्हापूर या बाजूंनीं रात्रीं सुटणाऱ्या गाड्या आहेत. त्या पुण्यास मध्यरात्रीच्या आगेमागें सोडतात. घरच्यांना जेवणासाठीं थांबूं नका असें सकाळींच सांगून निघावें, आणि किल्ली बरोबर घ्यावी.